नोरीनच्या दुकानाची किमान बोली

६ जानेवारी

ही वही आर्लिसनं दिली. म्हणाली, "यंदा तू विधानसभेच्या कमिटीचा अध्यक्ष. रोज लिहीत जा. पुढं कुणी विचारलं, तिथं बसून काय केलंस, तर उत्तर द्यायला बरं." माझ्या कर्तृत्वाबद्दल बायकोला एवढी खात्री आहे, हे वाचणाऱ्यानं लक्षात घ्यावं.

आमच्या राज्यात आमदारकी हिवाळ्यापुरती असते. जमीन गोठलेली, शेतात करण्यासारखं काही नसतं, तेव्हा आम्ही कायदे करतो. उरलेलं वर्ष मी लिलाव पुकारतो. गुरं, ट्रॅक्टर, म्हाताऱ्यांच्या मागं राहिलेली घरं. आर्लिस शेजारी बसून कुणी काय केवढ्याला घेतलं ते टिपते. व्हर्लिन कुचेराचा, म्हणजे माझा, आवाज ऐकला नाही असं जनावर या काउंटीत नाही.

१० जानेवारी

राजधानीला निघण्याआधी नोरीनच्या दुकानात जाऊन आलो. नोरीन पॉस्पिशिल म्हणजे आमच्या लिप्नो गावची एकुलती एक औषधवाली. बापाचं दुकान तिनं चालवलं, वाढवलं. शाळेत ती माझ्या एक वर्ग पुढं होती आणि अजून त्याच आवाजात माझ्याशी बोलते.

काउंटरला टेकून गावातले म्हातारे ऑटोकाका शिमेक उभे होते. त्यांच्या विमा कंपनीनं त्यांना इन्सुलिन टपालानं घ्यायला लावलंय. रस्त्याकडेच्या टपालपेटीत पुडकं सकाळपासून पडून राहिलं आणि दुपारी बाटल्या हातात घेतल्या तर आत बर्फ. गोठलेलं इन्सुलिन उन्हात धरलं तरी उपयोगाचं राहत नाही, फेकूनच द्यावं लागतं.

"आणि मी दुकानात बसलेय, फ्रीज भरलेला," नोरीन म्हणाली. "पण यांना माझ्याकडून घ्यायची परवानगी नाही. का? तर मधल्यांची स्वतःची टपालाची औषधपेढी आहे."

मधले म्हणजे विमा कंपनी आणि औषधवाला यांच्या मध्ये बसणारी कंपनी. कुणी कुठलं औषध कुठून घ्यायचं आणि औषधवाल्याच्या हातावर किती टेकवायचे, हे तीच ठरवते. कागदोपत्री त्यांना औषध लाभ व्यवस्थापक म्हणतात. लाभ कुणाचा, ते नावात दिलेलं नाही. आमच्या भागातल्या मधल्यांचं नाव मेरिडेल. आम्हा आमदारांचा विमाही त्यांच्याच हाती आहे, पण आमच्याशी ते चांगले वागतात. आर्लिसचं इन्सुलिन नोरीनकडूनच येतं, कधी अडचण नाही.

नोरीननं फॅक्सवर आलेला नवा करार दाखवला. मागच्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी आला होता, दुकान बंद झाल्यावर. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं: हरकत न कळवल्यास मान्य समजण्यात येईल.

"मग हरकत कळवायची," मी म्हणालो.

"कळवली की त्यांच्या यादीतून बाहेर. मग निम्म्या गावानं माझ्या दारात यायचं नाही. आणि नाही कळवली, तर ज्या भावाला मी औषध आणते त्याच्या खाली विकायचं. सांग आता, शहाण्या."

माझ्यातला लिलाववाला जागा झाला. काउंटरवर थाप मारून म्हणालो, "किमान बोली! गाय विकायला आणणारा मला आधी सांगतो, एवढ्याच्या खाली द्यायची नाही. मी देत नाही. तेच कायद्यात घालतो. औषधवाल्यानं ज्या भावाला आणलं, त्याच्या खाली कुणी देऊ शकणार नाही. माझा शब्द."

दुकानात सात-आठजण होते, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ऑटोकाका तेवढे म्हणाले, "माझी पेरणीची गाडी विकलीस तेव्हाही असाच शब्द दिला होतास, बाळा." म्हातारपणी माणसाच्या मनात काय काय राहून जातं.

नोरीन हसली नाही. म्हणाली, "व्हर्लिन, हे झालं तर दुकान राहील. नाही झालं तर पुढचा हिवाळा मी बघत नाही. मला भाषण नको, ते एक वाक्य हवं."

२० जानेवारी

विधेयक मांडलं. नाव: लहान औषधालय संरक्षण कायदा. आत सहा कलमं, पण जीव सगळा एका वाक्यात.

सभागृहनेते हॉलिस ब्रँट यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "व्हर्लिन, ही कमिटी तुला मुद्दाम दिली. आम्हाला खूप वाचत बसणारा माणूस नको होता." निर्णयशक्तीची अशी कदर आजकाल कोण करतं!

दुपारी मेरिडेलचा माणूस भेटायला आला. प्रेस्टन ल्यूस. गोरागोमटा, नम्र. वाटलं होतं भांडायला येईल. हा तर म्हणाला, "चेअरमनसाहेब, आम्ही तुमच्या विधेयकाच्या बाजूनं आहोत. लहान औषधालयं म्हणजे आमचा आत्मा. फक्त थोडी भाषा सुधारू." जाताना माझ्या मुलाखतीची रेडिओवरची फीत त्यानं ऐकलीय असंही म्हणाला. ती मुलाखत डुकरांच्या भावाबद्दल होती.

२९ जानेवारी

मेरिडेलतर्फे जेवण. लोण्यासारखं मऊ बीफ आणि पांढऱ्या हातमोज्यांतले वाढपी. अनाथ मुलांसाठी लिलाव होता आणि पुकारायला, अर्थातच, मी. एक टोपी मी अशी चढवली की शेवटी प्रेस्टननं स्वतः घेतली, दुप्पट-तिप्पट भावाला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

आर्लिसला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "टोपी त्यानं घेतली की तुला घातली?" बाईला लिलावातलं सगळं कळतं, पण समारंभातलं काही कळत नाही.

५ फेब्रुवारी

सुनावणी. नोरीन दुकानाला कुलूप लावून, दारावर पाटी टांगून एवढ्या लांब आली. ऑटोकाकांना गाडीत घालून आणलं होतं. बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं. घड्याळ माझ्याच हातात, त्यामुळं गावची म्हणून तिला सवलत देता आली नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.

ऑटोकाकांनी खिशातून गोठून फुकट गेलेली बाटली काढून टेबलावर ठेवली. कमिटीतल्या मिसेस डॉब्स यांनी विचारलं, "पण तुम्ही पुडकं लवकर का आणलं नाहीत घरात?"

"बाईसाहेब, टपालगाडी केव्हा येते ते मला माहीत नसतं. गुडघे माझे, रस्ता तुमच्या सरकारचा, आणि बर्फ देवाचा."

लोक हसले. मी हातोडा आपटला.

मग नोरीन म्हणाली, "आमच्या गावात एक बाई आहे. दर महिन्याला मी तिला इन्सुलिन देते आणि दर महिन्याला ते मला तोट्यात जातं. मधले मला माझ्या खरेदीच्या खाली पैसे देतात. फरक तिच्याकडून घ्यायला करारात मनाई, तिला हे सांगायलाही मनाई. तिला पत्ताच नाही. मी तिला टपालाकडं ढकलू शकले असते. नाही ढकललं, कारण ती मला लहानपणापासून माहीत आहे."

बोलताना ती सारखी माझ्याकडं बघत होती. अध्यक्षाकडं बघून बोलायचं असा नियमच आहे.

प्रेस्टननं उत्तर दिलं. गोठण्याचा प्रश्न त्यांच्या कंपनीनं फार मनावर घेतलाय. ते टपालपेट्यांसाठी लोकरी टोप्या काढणार आहेत. गावोगाव, फुकट. मिसेस डॉब्स यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

परत खोलीवर आल्यावर आर्लिसला फोन करून नोरीनच्या त्या बाईची गोष्ट सांगितली. म्हणालो, "कोण असेल गं? वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या जिवावर औषध घेते, लाज कशी वाटत नाही!"

पलीकडून बराच वेळ आवाज नाही. लाइन खराब असावी.

१४ फेब्रुवारी

सुट्टीला घरी. आर्लिससाठी चॉकलेटचा डबा आणला आणि मग आठवलं की तिला चालत नाही. मीच खाल्ला.

ऑटोकाकांकडून कळलं की आर्लिस परवा पाकिटात पैसे घालून नोरीनकडं गेली होती आणि नोरीननं घेतले नाहीत. "करारात बसत नाही, माझा परवाना जाईल," म्हणाली म्हणे. कसले पैसे, म्हणून आर्लिसला विचारलं. ती म्हणाली, "तू कमिटीचा अध्यक्ष आहेस ना? शोधून काढ." बायकांचं काहीतरी भिशीचं असेल.

पण खरं सांगायचं तर घरात या वेळी बरं वाटलं नाही.  आर्लिसनं कोलाचे, म्हणजे आमच्याकडचे गोड पाव, केले होते, खसखशीचे, पण माझ्या पुढं ठेवलेल्या बशीत एकच होता.

१९ फेब्रुवारी

आज प्रेस्टननं माझे डोळे उघडले.

तो म्हणाला, "चेअरमनसाहेब, तुम्ही लिलाववाले. भाव कोण ठरवतो?"

"बाजार."

"सरकार?"

"छे!"

"मग आज सरकारनं औषधाचा खालचा भाव ठरवला, तर उद्या गायीचा ठरवेल. परवा ट्रॅक्टरचा. मग लिलाववाल्याचं काम काय उरलं?"

अंगावर काटा आला. मी स्वतःच स्वतःच्या पोटावर पाय देत होतो! त्यानं नवं वाक्य लिहून आणलंच होतं. 'औषधालयास करारात ठरल्याप्रमाणे वाजवी दर देण्यात यावा.' किती भारदस्त! 'खरेदीच्या खाली नाही' हे कसं कोतं वाटतं, नुसती अडवणूक. वाजवी या शब्दात सगळं आलं. शिवाय मेरिडेल दर वर्षी स्वतःच्या वागणुकीचा अहवाल स्वतःच लिहून कमिटीला देणार. तपासनीस नेमायचा खर्च वाचला.

कायद्याचं नावही त्यानं वाढवून दिलं: लहान औषधालय संरक्षण, सन्मान व समृद्धी कायदा.

आर्लिसला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "करारात ठरल्याप्रमाणे. आणि करार कोण लिहितं?"

"मेरिडेल."

"म्हणजे मेरिडेलनं मेरिडेलचं ऐकावं, असा कायदा करतोयस तू?"

"अगं पण वाजवी—"

"उद्या कुणी तुला गाय आणून दिली आणि किमान बोली सांगितली, तर तू त्याला वाजवीच देऊ म्हणून परत पाठवशील?"

"ते वेगळं. गाय त्याची असते."

"आणि औषध कुणाचं, रे?"

मी विषय बदलला. घरातल्या माणसाला राज्यकारभार समजावणं फार अवघड.

रात्री झोप नीट लागली नाही. जेवणात तिखट जास्त होतं.

२६ फेब्रुवारी

विजयाचा दिवस. सविस्तर लिहितो.

दुरुस्ती कमिटीपुढं आली. आमच्याकडची पद्धत अशी की किरकोळ दुरुस्तीला हात मोजत बसत नाहीत. अध्यक्ष विचारतो, "हरकत?" कुणी काही बोललं नाही की मंजूर. प्रेस्टनच्या कागदावर दुरुस्ती 'किरकोळ, भाषिक' अशीच नोंदलेली होती.

सदस्य जेवायला जायच्या घाईत. हॉलिस ब्रँट मागून ओरडले, "व्हर्लिन, जरा तुझ्या पद्धतीनं होऊ दे!" सगळे हसले. मलाही उत्साह आला. हातोडा उचलला आणि लावला सूर. तीस वर्षांची जीभ ती. कलम, पोटकलम, ओळ, बदल, सगळं एका दमात, ऐकणाऱ्याला शब्द कळो न कळो ठेका कळावा असं. "हरकत एक वार! हरकत दोन वार!"

तेवढ्यात मागच्या रांगेत हात वर झाला. नोरीनचा. ती येणार आहे हे मला माहीत नव्हतं. कोटावर बर्फ तसाच होता, म्हणजे धावत आली असावी.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. माझ्या नजरेतून हात सुटत नाही. पाचशे माणसांच्या गर्दीत, खांबाआड उभ्या माणसानं करंगळी हलवली तरी मला दिसते. कोण बोली लावतोय आणि कोण कान खाजवतोय हे मी मागं न बघता सांगतो. त्यामुळं नोरीनचा हात मला दिसला नाही असं कुणी म्हणू नये. दिसला. स्वच्छ दिसला. परंतु हरकत फक्त सदस्यांना घेता येते, आणि ती सदस्य नाही.

"तीन वार! मंजूर!"

टाळ्या पडल्या. पुन्हा बघितलं तेव्हा हात अजून वरच होता. खाली घ्यायला विसरली असावी.

बाहेर तिला गाठलं. म्हणालो, "नोरीन, कायदा झालाच समज! वाजवी दर मिळवून दिला तुला!"

तिनं कोटावरचा बर्फ झटकला. मग हातमोजे घातले आणि म्हणाली, "रस्ता निसरडा आहे. उजेड आहे तोवर निघते."

कृतज्ञता दाखवायची आमच्या गावात पद्धतच नाही.

३ एप्रिल

राज्यपालांनी सही केली. मी मागं उभा होतो, फोटोत माझा डावा कान आलाय. मेरिडेलनं मला 'ग्रामीण औषधालयांचा मित्र' अशी पितळी पाटी दिली. आर्लिसला विचारलं, कुठं लावू या? तिनं सुचवलेली जागा इथं लिहिण्यासारखी नाही.

१७ मे

टोप्या आल्या! निळ्या, लोकरी, वर मेरिडेलचं नाव. काउंटीभर टपालपेट्यांना घातल्या. बाहेर उकाडा आहे, पण दिसायला छान दिसतात. ऑटोकाकांच्या टोपीत चिमणीनं घरटं केलं, आता त्यांची पेटी उघडता येत नाही.

३० ऑगस्ट

नोरीनला नवा करार आला. दर आणखी खाली. तिनं आपल्या कायद्याचा आधार घेऊन तक्रार केली. मेरिडेलनं कळवलं की दर करारात ठरल्याप्रमाणे आहे, सबब वाजवी आहे, सबब कायद्याचं पूर्ण पालन झालेलं आहे. वाक्य वाचून मी दोनदा मान डोलावली आणि मग मान मध्येच थांबली.

प्रेस्टनला फोन लावला. तो आता दुसऱ्या राज्यात असतो, तिथंही लहान औषधालयं वाचवायचं काम चाललंय. त्याच्या जागी आलेल्या मुलीनं माझं नाव दोनदा विचारून घेतलं.

११ ऑक्टोबर

नोरीननं दारावर पाटी लावली. महिनाअखेर बंद.

गावात कुणी मला काही बोललं नाही. कॉफीच्या दुकानात गेलो तर माझ्या टेबलावरची माणसं होती तिथंच बसून राहिली, पण बोलणं थांबलं. नंतर ऑटोकाका म्हणाले, "बैस बैस, व्हर्लिन. आमची काही हरकत नाही." सगळे आपापल्या कपात बघत राहिले.

मी कॉफी अर्धी सोडून आलो. यात माझा काय दोष? मी एकटा काय करणार होतो? विधानसभेत किती माणसं असतात! हे आर्लिसला म्हणालो. ती भांडी पुसत होती. पुसत राहिली.

२ नोव्हेंबर

नोरीनचा फोन. दुकानातल्या सामानाचा लिलाव करायचाय आणि पुकारायला मीच हवा म्हणते. म्हटलं, राग नाही ना? ती म्हणाली, "तुझ्याइतकं चांगलं कोण पुकारतं?" जुनी मैत्री शेवटी उपयोगी पडते.

नोरीननं दुकान बंद करताना दिलेला साठा संपला की आर्लिसचं इन्सुलिन टपालानं येणार. ती कधीपासून काहीतरी बेरजा करतेय. गेल्या कित्येक वर्षांच्या पावत्या टेबलावर पसरल्यात. आयकराचं काम या वर्षी लवकर काढलेलं दिसतं.

६ डिसेंबर

लिलाव. हात अजून थंड आहेत, तरी लिहितो.

सगळं गाव लोटलं होतं. माजी सैनिकांच्या लीजन हॉलमधल्या बायकांनी सूप आणि कोलाचे मांडले होते, आमच्याकडं कुठलाही लिलाव जेवणाशिवाय होत नाही. दुकानात फडताळं, तराजू, काचेच्या बरण्या, वर्षानुवर्षं म्हातारे ज्यावर बसून रक्तदाब मोजून घेत ते स्टूल. नोरीन मागच्या भिंतीला टेकून उभी. अंगावर पांढरा कोट नव्हता. तिला मी कोटाशिवाय कधी बघितलंय असं आठवेना.

पद्धतीप्रमाणे सुरुवातीला मालकाला सगळ्यांसमोर विचारावं लागतं. माइकवरून विचारलं, "नोरीन, किमान बोली काही?"

ती म्हणाली, "नको, व्हर्लिन. वाजवी दराला जाऊ दे."

कुणी हसलं नाही. सूपचे चमचे वाजत होते तेवढे थांबले. मला वाटलं होतं की माझा शब्द तिनं शेवटी मान्य केला म्हणून मला बरं वाटेल. नाही वाटलं. तीस वर्षांत पहिल्यांदा पुकारताना मी पाणी मागितलं.

विकलं. सगळं विकलं. तराजू शहरातल्या एका बाईनं घेतला, त्यात झाडं लावणार म्हणे. स्टूल ऑटोकाकांनी घेतलं. बाकी मातीमोल.

शेवटी उरला औषधांचा फ्रीज. काचेच्या दाराचा, ज्यात इन्सुलिन असायचं. तो कुणाला हवा असणार? मी दोनशे डॉलरवरून सुरुवात केली, शंभरवर आलो, पन्नासवर आलो. शांतता. माझ्या धंद्यात शांततेला काही अर्थ नसतो. कुणी बोललं नाही म्हणजे कुणी घेतलं नाही, एवढंच. न बोलणाऱ्याच्या गळ्यात मी आजवर काही बांधलेलं नाही.

आणि शेजारी टेबलावर बसलेल्या आर्लिसनं पेन खाली ठेवलं आणि हात वर केला.

टिपणाऱ्यानं बोली लावायची नसते. पहिला नियम. मी माइक झाकून म्हणालो, "काय करतेस? तुला बोली लावता येत नाही."

मागून नोरीनचा आवाज आला. मोठा नाही, साधाच. "व्हर्लिन, हात दिसतोय का तुला?"

सगळं गाव माझ्याकडं बघत होतं. मी म्हणालो, "दिसतोय."

"मग विचार तिला, किती."

"किती?" मी विचारलं.

आर्लिस उभी राहिली. "दोन हजार एकशे चाळीस."

असला तुटका आकडा कुणी लिलावात बोलतं का? आणि समोर एकही बोली नसताना? नव्या फ्रीजलाही एवढे पडत नाहीत. मी म्हणालो, "आर्लिस, अगं पन्नासवर कुणी नाही." तर म्हणते कशी, "हा करार नाही, लिलाव आहे. इथं मी किती द्यायचे ते मीच ठरवणार. पुकार."

मी नोरीनकडं बघितलं. ती नको नको म्हणून मान हलवत होती आणि डोळे पुसत होती. आर्लिसनं तिच्याकडं बघितलंच नाही. हात वर धरून उभी राहिली, त्या दिवशी नोरीन कमिटीत उभी होती तशी. मी तो हात यापूर्वी कुठं बघितलाय ते मला आत्ता लिहिताना सुचतंय असं नाही. तिथंच सुचलं. आणि पावत्यांच्या बेरजेखाली हाच आकडा होता, तेही.

"एक वार," मी म्हणालो. "दोन वार."

तिसरं निघेना. लोकांना वाटलं मी रंगत आणतोय. शेवटी ऑटोकाका आपल्या नव्या स्टुलावरून म्हणाले, "म्हण बाबा. सूप गार होतंय."

"तीन वार."

घरी येताना गाडीत मागं फ्रीज खडखडत होता. मी म्हणालो, "एवढे पैसे, आर्लिस. आधी सांगायचंस तरी. ती बाई तू होतीस, हे मला कुणीच कसं सांगितलं नाही?"

"तिला करारानं मनाई होती. मला लाजेनं. तुला कशानं होती?"

मी गाडी घराकडं वळवली तेव्हा तीच म्हणाली, "माझा हिशेब झाला आज. तुझा राहिलाय."

९ जानेवारी

आर्लिसचं पहिलं पुडकं परवा आलं. टपालपेटीवर निळी टोपी होती. बाटल्या दगड झाल्या होत्या. मेरिडेलला फोन केला. नावापुढं आमदार लावलं. त्यांनी दिलगिरी व्यक्त केली, दुसरं पाठवतो म्हणाले, आणि टोपी नीट बसवलीय का ते विचारलं. तोवर ती शहरातून उसन्या आणलेल्या एका बाटलीवर आहे. फ्रीज स्वयंपाकघरात घुं घुं करतो. वरच्या कप्प्यात ती एक बाटली, बाकीचे कप्पे रिकामे.

उद्या अधिवेशन सुरू होतं. हॉलिसना फोन करून सांगितलं की मी एक दिवस उशिरा येईन, आणि आलो की कमिटीत एकाच वाक्याचं विधेयक मांडणार आहे. कुठलं वाक्य ते त्यांनी विचारलं. सांगितलं. ते म्हणाले, "व्हर्लिन, कमिटी आम्ही मिसेस डॉब्सना देतोय."

१० जानेवारी

सकाळी उजाडताच गाडी रस्त्याच्या कडेला टपालपेटीपाशी लावली. इंजिन चालू, हीटर पूर्ण. मांडीवर घोंगडी, तिच्यात पुडकं गुंडाळायचं. वारा असा की टोपी पेटीवरून उडून कुंपणाला जाऊन अडकली. आणायला गेलो नाही.

समोरच्या वळणावर ऑटोकाकांची गाडी तशीच उभी होती, त्यांच्या पेटीपाशी. धूर सोडत. त्यापलीकडं आणखी एक. मी हात केला. बऱ्याच वेळानं काकांनीही केला.

टपालवाली बाई दुपारनंतर आली. खिडकी खाली करून म्हणाली, "आमदारसाहेब? तुम्ही आज राजधानीत नाही? इथं कुणाची वाट बघताय?"

"इन्सुलिनची," मी म्हणालो.

तिनं पिशवीत शोधलं. पुन्हा शोधलं.

"आज नाही," ती म्हणाली. "उद्या बघा."

उद्याही जाणार आहे.